त्यांना सांगा, मागे कोणी आहे

दिपाली माझी देराणी. धाकट्या दिराची, ललितची बायको. आमचं पटत नाही. लग्न होऊन ती नवापूरहून आमच्या तापीकाठच्या घरी आली त्याच आठवड्यात पटेनासं झालं, आणि अजून त्यात काही बदल नाही. तरी तिच्यावर लिहायला बसले, कारण शहाद्याच्या त्या दिवसाविषयी गावात जे सांगतात त्यातलं निम्मं खोटं आहे. खोटं तिच्या बाजूचं असो की विरुद्ध, मला ते सहन होत नाही.

आधी तिचे दोष. दूध तापत ठेवते आणि विसरते. एकदा एकादशीला साबुदाण्यात हळद टाकली आणि वर म्हणाली, “रंग छान आला ना ताई?” मी पोथी वाचत असले की हिच्या बांगड्या नेमक्या तेव्हाच वाजतात. माझी पावडर न विचारता घेते, आणि तीही तोंडाला नाही, अंगठ्यांना लावते. घामाने अंगठा काचेवर चिकटू नये म्हणून. कसली काच, तर मोबाईलची. या बाईला मोबाईलवरच्या गोळीबाराचा नाद आहे.

तो नाद आमच्या घरात तिच्याआधीच शिरला होता. माझे यजमान हेमकांत, धाकटा ललित, समोरच्या घरातला गोकुळ आणि भावकीतला शिवाजी, हे चौघे दुपारी जेवण झालं की ओट्यावर ओळीने बसायचे. केळीला पाणी सोडलेलं, मोटार चालू, आणि चार मोठी माणसं फोनमध्ये तोंड खुपसून “मार, मार” ओरडतायत. (यजमानांचं नाव मी लिहिताना लिहिते, तोंडाने घेत नाही.) संघाला नाव काय दिलं, तर ‘कानबाई वॉरियर्स’. श्रावणात आपण जिचे रोट खातो त्या देवीचं नाव माणसं मारायच्या खेळाला! मी दोन वेळचं जेवण वाढलं पण शब्द बोलले नाही. शेवटी ‘तापी वॉरियर्स’ केलं. मी म्हटलं, नदीसुद्धा देवीच आहे. तर गोकुळ म्हणतो, “वहिनी, मंग ‘मोटार वॉरियर्स’ करूत का? मोटारनी कोणी पूजा करत नही.” “दसऱ्याला करतात,” मी म्हटलं. नाव मात्र तापीच राहिलं.

खेळ असा. चार विरुद्ध चार. एक ओसाड शहर, त्यात लपायचं आणि समोरच्यांना टिपायचं. ज्याला गोळी लागली त्याने ती फेरी संपेपर्यंत बसून राहायचं. एका बाजूचे चौघेही संपले की फेरी संपली. आधी सात फेऱ्या जिंकेल तो संघ. चौघांची कामं वाटलेली असतात. दोघे पुढे घुसतात, एक त्यांच्या जोडीला, आणि एक सगळ्यात मागे उंचावर बसून तिघांची पाठ राखतो. मागच्याला सगळ्यांच्या पाठी दिसतात. त्याने फक्त सांगायचं, अमक्या, तुझ्या मागे आहे, तमक्या, डावीकडे बघ. हे काम शिवाजीचं होतं.

शिवाजीला सुरतेला नोकरी लागली आणि तो गेला. शहाद्यात जिल्ह्याची स्पर्धा व्हायची होती. त्यात जिंकणारा संघ धुळ्याच्या मोठ्या स्पर्धेला जाणार होता. यजमान महिनाभर चौथा माणूस शोधत होते आणि मिळेल तो त्यांना ढ वाटत होता. तेव्हा ललितने हळूच सांगितलं की दिपाली माहेरी असताना खेळायची. तिचे वडील नवापूरला कोंबड्यांच्या फार्मवर कामाला. ही शेडमध्ये राखणीला बसायची आणि भावाच्या फोनवर खेळायची. तिथून ती पार वरच्या दर्जापर्यंत गेली होती. धुळ्याची स्पर्धा तिला लग्नाआधीच खेळायची होती. वडिलांनी पाठवलं नाही.

यजमान म्हणाले, “घरनी बाई? ओटावर? आमनासंगे?”

सासूबाईंनी, म्हणजे रंजनाबाईंनी, वाट काढली. पोरं ओट्यावर, सून आत माजघरात. फोन तर फोनशीच बोलतो. मला वाटलं होतं सासूबाई चांगल्या ओरडतील. पण त्यांना ललितचा हट्ट मोडवत नाही, तो शेंडेफळ आहे.

इथे आमच्या घरची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे सून जेठाशी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाशी, बोलत नाही. पदर पुढे ओढायचा, आणि जे सांगायचं ते तिसऱ्याकडून सांगायचं. तिसरं कोणी नसेल तर भिंतीकडे तोंड करून सांगायचं, ऐकणारा ऐकतो. सासऱ्यांशीही तसंच. माझे सासरे वारले तोवर त्यांनी माझा आवाज फक्त भिंतीशी बोलताना ऐकला. मी ही रीत पाळली आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. जेठानेही पाळायची असते. यजमान दिपालीला काही सांगायचं तर ललितला सांगतात.

आता फोनमध्ये चौघांचे आवाज चौघांना ऐकू जातात. यजमानांना ते पटेना. भावाची बायको नवऱ्याला “अहो” म्हणणार आणि ते जेठाच्या कानात पडणार, हे कसं चालेल? तर एकेकाचा आवाज बंद करायची सोय त्यात असते. त्यांनी दिपालीचा आवाज आपल्या फोनमध्ये बंद करून टाकला. खेळ सुरू झाला.

मी आत भाकरी करत होते, म्हणून मला दोन्ही बाजू ऐकू यायच्या. माजघरातून ही सांगायची, “अहो, त्यास्ले सांगा, मांगे कोणी शे.” मग ओट्यावरून ललित, “दादा, मांगे कोणी शे.” तोवर यजमान ओरडायचे, “मारी टाकं माले! काय करी ऱ्हायना तू, लल्या? आधी सांगता येत नही?” 

“दादा, माले आत्तेच समजनं!”

“मंग तिले सांग, लवकर सांगत जाय!”

ललित भिंतीकडे वळून, “लवकर सांगत जाय.”

आतून ही, “त्यास्ले सांगा, माले दिसनं तवयच सांगं.”

तवा तापलेला, पीठ हाताला चिकटलेलं आणि हे टपाल माझ्या डोक्यावरून इकडून तिकडे. रोज तेच. गोकुळला आणि ललितला ती थेट सांगायची, ते वाचायचे. मरायचे ते यजमान. एकदा गोकुळ म्हणाला, “दादा, तुमी तिना आवाज चालू करा ना. खेळमा काय लाज?” 

“मन्ही मायनी रीत मोडू का मी, गोळ्या झाडाकरता?” यजमान म्हणाले. 

याबाबतीत मी त्यांच्याच बाजूची होते. तिने फोन ठेवावा, हा साधा उपाय कोणाला सुचत नव्हता.

पण ती चांगली खेळायची, हे लिहिलं पाहिजे. अनोळखी संघाशी सराव असला की समोरच्यांना बाईचा आवाज कळायचा आणि ते घाण बोलायचे. सगळ्यांना ऐकू जाईल असं. एक जण म्हणाला, “काकू, भाकरी करपेल, उठा.” काकू! चोवीस वर्षांची आहे ती. ती खेळतच राहिली. फेरी संपली तेव्हा त्यांचे चौघेही पडले होते, त्यातले तीन हिने पाडलेले. मग ती माईकमध्ये म्हणाली, “झाली भाकरी. येतो का खायला?” आणि माझ्याकडे बघून हसली. मी हसले नाही. भाकरी माझी होती.

स्पर्धेच्या आधी यजमानांनी ललितला सांगितलं, ती आत ऐकत असताना, की शहाद्यात हरलो तर ही परत आमच्यात बसणार नाही. धुळे नाही, सराव नाही, काही नाही. आतून उत्तर आलं, “त्यास्ले सांगा, मंजूर शे.” मग ती बराच वेळ भांडी घासत बसली. घासलेलीच परत घासत होती.

ती हरावी असं मला वाटत होतं. हे मी कोणापासून लपवलं नव्हतं.

स्पर्धा एका मंगल कार्यालयात होती. फोनवर घरी बसून नव्हे, तिथे समोरासमोर टेबलं मांडून. सासूबाई म्हणाल्या, “धाकली जाई तं मोठी संगे जाई.” माझा उपवास होता, घरी केळीचे घड उतरवायला माणसं येणार होती, पण मला एस.टी.त बसवलं. शहाद्याच्या स्टँडपासून दिपाली पुढे आणि मी मागे. डोक्यावर पदर, पदराखाली कानाला वायरी, अंगठ्यांवर कापडी टोप्या. रिक्षावाला बघत राहिला.

टेबलाशी बसायची वेळ आली तेव्हा पुन्हा गोंधळ. जेठाच्या शेजारी खुर्चीवर कशी बसणार? यजमान या टोकाला, मग गोकुळ, मग ललित, आणि त्या टोकाला भिंतीकडे तोंड करून दिपाली. दोरीच्या पलीकडे बघे. मी तिच्या अगदी पाठीशी उभी राहिले, दोरी मध्ये. पंचाने आधीच दम भरला. दोरीबाहेरच्याने एक शब्द सांगितला तर संघ बाद. जो मेला त्यानेही फेरी संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही.

पहिले दोन सामने नंदुरबारच्या दोन संघांशी. ती पोरं “आंटी, आंटी” करून टेबलं बडवत होती. तापी वॉरियर्सनी त्यांना हरवलं. दोन्हीत यजमान लवकर मेले, पण बाकीच्या तिघांनी ओढून नेलं. यजमानांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

शेवटचा सामना धडगावच्या संघाशी. घाटातून शेअर जीपने आलेली चार पावरा आदिवासी पोरं. कपडे साधे, फोनच्या काचा तडकलेल्या, आणि बोलणं अगदी थोडं. त्यांचा म्होरक्या उदेसिंग. तो शहाद्याला कॉलेजात शिकलेला, अहिराणी त्याला चांगली कळते. तो आमच्या समोरच्याच टेबलावर होता.

पहिल्या काही फेऱ्या आमच्याकडे आल्या. मग उदेसिंगने मान वर करून ललितकडे बघितलं, मग यजमानांकडे. आमच्या टेबलावर काय चाललंय ते त्याच्या ध्यानात आलं. इकडून बाई सांगते, मधला ऐकतो, मग तिकडचा ऐकतो. तो आपल्या पोरांना पावरीत काहीतरी बोलला आणि ती हसली. त्यानंतर प्रत्येक फेरीत ती चौघं आधी यजमानांच्याच मागे जाऊ लागली. दुसऱ्या कोणाकडे बघायचीच नाहीत. आमच्या घरची रीत त्यांनी ओळखली होती, आणि तिथूनच ती आत शिरत होती.

“पाटील,” उदेसिंग टेबलावरून म्हणाला, “तुमचं टपाल लई उशिरा येतं!”

सगळं कार्यालय हसलं. यजमान ललितवर ओरडले. ललित दिपालीवर ओरडला. दिपाली कोणावर ओरडणार? तिने पदर आणखी पुढे ओढला, इतका की आता अर्धी काच झाकली जात असणार. मीच दोरीवरून हात घालून तो मागे सारला. तिच्यासाठी नाही, बघे हसत होते, आणि हसं आमच्या घराचं होत होतं.

सहा-सहा फेऱ्या झाल्या. शेवटची.

गोकुळ घुसला आणि पडला. पडता पडता त्याने एकाला नेलं. मग ललितने एकाला टिपलं आणि त्यालाही गोळी लागली. त्याने फोन टेबलावर ठेवला, दोन्ही हात तोंडावर धरले आणि खाली सतरंजीकडे बघत बसला. नियम होता, मेलेल्याने बोलायचं नाही. समोर दोघे उरले होते. आमच्याकडे यजमान आणि दिपाली. मधे निरोप नेणारं कोणी नव्हतं.

तिच्या फोनमध्ये मला दिसत होतं. ती एका गच्चीवर होती. खाली रस्त्यात यजमान भिंतीला टेकून पुढे बघत होते. त्यांच्या मागच्या जिन्याखालून एक जण निघाला, वाकून, हळूहळू.

दिपालीने मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. “ताई,” ती म्हणाली, “त्यास्ले सांगा, मांगे शे!”

मी बोलले असते तर संघ बाद. ते मला माहीत होतं. तिला त्या क्षणी नसावं. सवयीने वळली ती. मी ओठ मिटून उभी राहिले. पंच माझ्याकडे टक लावून बघत होता.

मग ती ओरडली. भिंतीला नाही, टेबलाला नाही. “दादा! मांगे! बठी जा!”

सगळ्या कार्यालयाला ऐकू गेलं. कानात वायरी असूनही यजमानांना गेलं. वेळ होती. तिने सांगितलं तसं ते खाली बसले असते तर वाचले असते, आणि गच्चीवरून तिने त्या पोराला टिपलं असतं. तिचा नेम त्याच्यावर धरलेलाच होता. पण यजमानांनी काय केलं? त्यांनी फोनवरची नजर काढली आणि मान वळवून टेबलाच्या त्या टोकाला तिच्याकडे बघितलं. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि तिने त्यांना पहिल्यांदा हाक मारली होती. ते तोंड उघडं टाकून बघत राहिले. फोनमध्ये त्यांचा माणूस जागच्या जागी उभा होता. त्या पोराने त्याला सावकाश मारलं.

दिपालीने त्याला लगेच पाडलं. पण आता दुसऱ्याला, उदेसिंगला, तिची गच्ची कळली होती. थोडा वेळ दोघं एकमेकांभोवती फिरली. मग तिची काच लाल झाली.

धडगावची पोरं उड्या मारू लागली. आमच्या टेबलावर यजमान उठले, खुर्ची पाडली आणि ललितला म्हणाले, “तिले सांग, उठ. झालं खेळनं.”

बाहेर चहाच्या टपरीशी उदेसिंग आमच्यामागे आला. ललितला म्हणाला, “भाऊ, आमचा जान्या दसऱ्यानंतर ऊसतोडीला गुजरातला जातोय. धुळ्याला आमची एक जागा रिकामी आहे. वहिनी खेळतील का?”

यजमान मधे पडले. “आमच्या घरची बाई तुमच्यासोबत डोंगरात येणार का?”

“सराव फोनवरच करायचाय दादा,” उदेसिंग म्हणाला, “घाट फोनला लागत नाही.”

यजमानांनी पुढे जे म्हटलं ते मी लिहिणार नाही. उदेसिंगने ऐकून घेतलं, ललितला आपला नंबर दिला आणि जीपकडे गेला.

संध्याकाळी घरी यजमानांनी आईपुढे हकीकत सांगितली. दिपालीने वेळेवर सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा मारल्यावर सांगितलं. वर चारचौघांत जेठाच्या अंगावर ओरडली. आता तिच्या हातात फोन दिसायला नको, ना आमच्यासाठी, ना त्या डोंगरातल्यांसाठी. ललित मान खाली घालून बसला होता. त्याने सतरंजीशिवाय काही बघितलंच नव्हतं. गोकुळ आपल्या घरी निघून गेला होता. दिपाली दाराआड उभी होती. तिला जेठापुढे बोलायची मुभा नव्हती, आणि जे बोलली त्याचा तर हा निवाडा चालला होता. दाराच्या चौकटीवर तिची बोटं दिसत होती. टोप्या अजून काढल्या नव्हत्या.

मी वाढत होते. पलीकडे देवापुढे दिवा लागलेला. मी म्हटलं, “ती वेळेवर बोलली. तुम्ही फोन सोडून तिच्याकडे बघितलं.”

यजमान म्हणाले, “तुले काय समजस त्यामान्हं?”

“मी पाठीशी उभी होते. जिन्याखालून तो निघाला तेव्हाच बोलली. तुम्ही बसला असता तर वाचला असता.”

सासूबाईंनी मोडलेली भाकरी ताटात ठेवली. मग यजमानांना म्हणाल्या, “तू तिनाकडे देखं?”

यजमानांनी पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

“हारनूत तं आपलामा बठानं नही, अशी बोली व्हती ना? मंग नका बठाडू. दुसरासमा खेयू दे तिले, घरमा बशीसन.” एवढं बोलून त्या हात धुवायला उठल्या. दारातून मागे वळून म्हणाल्या, “आनि धुळे जाशी तं मोठी संगे जाई.”

म्हणजे शिक्षा मला.

दिपालीने माझे आभार मानले नाहीत. मी मानू दिलेही नसते. यजमान बरेच दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले. गावात सांगतात की सून जेठावर ओरडली म्हणून संघ हरला. नाही. जेठ बघत राहिला म्हणून हरला.

आता ती दुपारी माजघरात बसून धडगावच्या पोरांबरोबर सराव करते. कधी कधी समोर तापी वॉरियर्सच असतात, नवा चौथा गडी घेऊन. मग ओट्यावरून यजमानांचं “मारी टाकं!” ऐकू येतं आणि आतून काहीच ऐकू येत नाही. बाकी वेळी मात्र हिचं तोंड बंद नसतं. “उदेसिंग, डावीकडे बघ. अरे डावीकडे म्हटलं ना, तुझा भात खायचा हात नाही तो! बस खाली. आता ऊठ. पळ, पळ, मेला का? मर मग.” हा आवाज तीन वर्षांत आमच्या घरात कोणी ऐकला नव्हता. या घराच्या मापाचा तो आवाज नाही. फार मोठा आहे.

परवा सराव दिवेलागणीपर्यंत लांबला. मी आरतीला उभी राहिले आणि तिला कळावं म्हणून घंटा जरा जोरातच वाजवली. फोनमधून उदेसिंगने विचारलं, “वहिनी, तुमच्या शेजारी देऊळ आहे का?”

“नाही रे,” ती म्हणाली, “जेठाणी आहे.”

मी आरती शेवटच्या कडव्यापर्यंत म्हटली, आणि घंटा थांबवली नाही.